झिजलेल्या पाट्याचं शिल्प : कल्पना शेजारी लिहून लावायची का?

ओली_माती
नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय. मी मुंबईत शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एका प्रश्नावर अडलेय. शिल्पामागची कल्पना शेजारी पाटीवर लिहून लावायची का? आमच्याकडे हल्ली प्रत्येक कामाबरोबर कन्सेप्ट नोट द्यावी लागते, ज्युरी आधी नोट वाचतात आणि मग शिल्पाकडे बघतात. मला ते खटकतं, पण नोट नसली तर काम कळत नाही असंही सांगणारे आहेत. आत्तापर्यंत काय काय केलं ते सांगते म्हणजे मुद्दा लक्षात येईल.

दुसऱ्या वर्षाला केलं त्याचं नाव 'मान'. ससून डॉकला पहाटे स्केचिंगला जायचो, तिथे कोळणी मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन येजा करतात. टोपली डोक्यावर चढली की कानामागून छातीच्या हाडापर्यंत येणारा स्नायू एकदम ताठ होतो, खांदे खाली जातात आणि हनुवटी मात्र जमिनीला समांतर राहते. हे सगळं मी बघून बघून वहीत उतरवलं आणि डोकं, मान, छातीपर्यंतचा भाग लाइफ साइझ मातीत केला, मग वेस्ट मोल्ड (एकदाच वापरून फोडून टाकायचा साचा) घेऊन फायबरमध्ये कास्ट. टोपली केलीच नाही. ओझं न दाखवता ओझं कळावं एवढंच डोक्यात होतं. ज्युरीचा पहिला प्रश्न, "टोपली कुठाय?"

तिसऱ्या वर्षाला शाडूची भिंत. आमचं गाव माण तालुक्यात, जुनी घरं पांढऱ्या मातीची, आता एकेक पडतायत. आमच्या घराची कोनाड्यासकट भिंत रिलीफमध्ये, म्हणजे उठावात केली, न भाजता, आणि जूनमध्ये अंगणात उघड्यावर ठेवली. ती पावसात विरघळणं हेच काम होतं. वरून हळूहळू विरघळत येईल असं वाटलेलं, पण पाणी कोनाड्यात साठलं आणि भिंत तिथूनच पोटात फुटली, वरची कड शेवटपर्यंत शाबूत. गावात खरी भिंतही अशीच पडली होती हे मला नंतर वडिलांनी सांगितलं.

आणि आता शेवटचं वर्ष. आमच्या आजीचा पाटा आहे, मधोमध इतका झिजलाय की कडेवर पट्टी आडवी ठेवली तर खाली तीन बोटं जातात. तो खळगा प्लास्टरमध्ये कास्ट करायचा, म्हणजे जो दगड आता नाहीये त्याला आकार मिळेल. गावातल्या आणखी काही बायकांच्या पाट्यांचेही कास्ट घ्यायचे आणि सगळे शेजारी शेजारी मांडायचे. आजीच्या, पणजीच्या हातांनी आयुष्यभर केलेलं शिल्पच आहे ते, आम्ही फक्त त्याचा साचा काढणार.

अडचणी दोन. एक म्हणजे आजी म्हणते पाट्यावर चुना-बिना ओतायचा नाही, तो पुजायचा असतो. दुसरी वर लिहिलीच आहे, शेजारी काय लिहायचं? लिहायचं का?

तिरकस_रेघ
पाट्याची कल्पना फार फार आवडली. नोट अजिबात नको. ज्याला कळायचं त्याला कळेल, 'मान'ला टोपली लागली नाही तर याला पाटी कशाला?

स्लो_लोकल
@तिरकस_रेघ, असहमत. मी फोर्टात नोकरी करतो, जेवणाच्या सुट्टीत जहांगीर आर्ट गॅलरीला चक्कर मारायची जुनी सवय आहे. चित्रांत माझं मी काहीतरी शोधतो, पण शिल्पांपुढे नेहमी अवघडल्यासारखं होतं. आता ओलीमातीताईंचं हे काम तिथे असतं आणि शेजारी काहीच लिहिलेलं नसतं तर मला काय दिसलं असतं? पाच-सहा पांढरे, मधे फुगीर, लांबट गोळे. मी पुढे गेलो असतो. आणि "हा आजीच्या पाट्याचा झिजलेला भाग आहे" एवढं एक वाक्य असतं तर अर्धा तास हललो नसतो. आमच्यासारख्यांसाठी एक ओळ लिहा हो. मराठीत लिहा. इंग्रजी नोटा वाचून शेवटी जे होतं तेही कळेनासं होतं.

जुना_फळा
चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालोय, म्हणून थोडं लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

विद्यार्थ्याचं शिल्प म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव गणपतराव म्हात्र्यांचं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना १८९६ साली त्यांनी 'मंदिरपथगामिनी' केलं. पूजेचं साहित्य घेऊन देवळात निघालेली नऊवारीतली तरुणी, तीही प्लास्टरमध्ये, कारण विद्यार्थ्याला संगमरवर कुठून परवडणार. तिकडे तेव्हा ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या नकला समोर ठेवून अभ्यास चालायचा. या मुलाने तोच अभ्यास घेतला आणि लावला कुठे, तर नऊवारीच्या चुण्यांना. ओचा, निऱ्या, पदर यांच्या खालून शरीराची चाल दिसते. जॉर्ज बर्डवुडसारख्या जाणकाराने त्याची जाहीर वाखाणणी केली. आता विचार करा, म्हात्र्यांनी शेजारी कन्सेप्ट नोट लावली होती का? नाही. पण नाव होतं. ते नाव काढून टाका, उरते एक उभी बाई. नाव वाचलं की ती कुठून निघाली, कुठे चाललीय, मनात काय आहे, सगळं चालू होतं.

तेव्हा तिरकसराव आणि लोकल, दोघांच्या मधलं माझं म्हणणं असं की नाव हीच नोट. नावावर आठ दिवस घाल, बाकी कागद ज्युरींना दे.

'मान'बद्दल. टोपली न करण्याचा निर्णय योग्य होता बाळ. मानेचा स्नायू खरा उतरला असेल तर टोपली लागत नाही, उतरला नसेल तर टोपली ठेवूनही काही होत नाही. फोटो टाकता आला तर टाक.

ओली_माती
सर, तुम्ही इतकं लिहिलंत, खूप बरं वाटलं. फोटो कॉलेजच्या परवानगीशिवाय टाकता येत नाही सध्या, परीक्षा झाली की नक्की टाकते. वेस्ट मोल्ड फोडताना जीव मुठीत होता, पहिल्या थराला नीळ घातली होती म्हणून वाचले. निळं दिसलं की छिन्नीचा हात हलका करायचा.

टेम्सकाठ
लंडनहून लिहितेय. रेचल व्हाइटरीडचं काम बघितलंयस का? ती वस्तूंच्या आतली, खालची रिकामी जागाच कास्ट करते. १९९३ मध्ये तिने पूर्व लंडनमधल्या पाडायला काढलेल्या एका जुन्या घराच्या आत काँक्रीट फवारलं आणि मग बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. उरलं ते घराचं आतलं पोकळपण, घट्ट झालेलं, दारं-खिडक्या उलट्या उमटलेल्या. त्याच वर्षी तिला टर्नर प्राइझ, म्हणजे इथलं कलेतलं मोठं बक्षीस, मिळालं, ते मिळवणारी पहिली बाई. पण ते काम जानेवारी १९९४ मध्ये पाडलं, लोकांनी खूप विरोध केला तरी. ज्युरी हे नाव काढणार, उत्तर तयार ठेव.

तिरकस_रेघ
म्हणजे हे आधीच झालंय? मग नवीन काय राहिलं?

टेम्सकाठ
@तिरकस_रेघ नाही, तसं नाही म्हणायचं मला. तिच्या कामात पोकळी आधीपासूनच असते, घर बांधलं तेव्हापासून. हिच्या पाट्यात पोकळी नव्हतीच, ती कोणीतरी रोज उकिडवं बसून तयार केली. फार मोठा फरक आहे हा. मी उलट म्हणेन की ओलीमाती, हा फरकच तुझं काम आहे. साचा काढायची पद्धत कुणाचीही असू दे.

पेणचा_पाहुणा
आमचा पेणला गणपतीचा कारखाना, त्यामुळे शाडूच्या भिंतीवर बोललंच पाहिजे. ताई, राग मानू नका, पण पावसात विरघळायला ठेवायची म्हणून मूर्ती करणं मला पटत नाही. आम्ही विरघळणारीच वस्तू करतो, पण दहा दिवस तिचं कुणीतरी करतं, आरती होते, मग निरोप. विरघळणं हे त्याच्या शेवटी येतं. तुमच्या भिंतीला आधी कुणी राहायलाच नव्हतं.

बाकी कोनाड्यातून फुटली ते बरोबर. शाडूला पाणी साठलं की खल्लास, वाहून गेलं तर ती बराच वेळ टिकते. आणि रिलीफ जाड-पातळ असेल तर पातळ जागी भेगा आधीच पडलेल्या असणार, दिसत नसल्या तरी.

ओली_माती
@पेणचा_पाहुणा, राग कसला दादा. "राहायलाच कुणी नव्हतं" हे मात्र डोक्यात राहील. भिंत जाड-पातळ होती हो, कोनाड्यामागे फारच पातळ.

कळव्याची_काकू
मी शिल्पातली नाही, पाट्यातली आहे. 😊 मिक्सर घरात आहे तरी शेंगदाण्याची चटणी आणि पुरण पाट्यावरच. मिक्सरमध्ये चटणीचं पीठ होतं, पाट्यावर शेंगदाण्याचं तेल सुटतं, रंगच वेगळा येतो.

आजींचं बरोबर आहे हो. आमच्यात बाळाच्या पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात, बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात आधी तो घालतात, मग बाळ. त्याच्यावर प्लास्टर ओतलेलं कुठल्याच आजीला रुचणार नाही. तू पातळ प्लास्टिक अंथरून त्यावर ओत ना, स्वयंपाकघरात फळं गुंडाळतात तसलं. दगडाला काही लागणार नाही.

सांगलीकर
पाट्यावरच्या चटणीचा विषय निघालाय तर ठेच्याला विसरू नका. ठेचा तव्यावर तांब्याने रगडतात तोही चालतो, पण पाट्यावरचा तो पाट्यावरचा.

स्लो_लोकल
दीड वाजलेत आणि माझ्या डब्यात पडवळ आहे, अत्याचार थांबवा.

दगडफूल
हा धागा कालपासून वाचतोय. लिहू की नको करत होतो, पण लिहितो.

आम्ही वडार. माझी आई आणि आत्या गावोगाव "पाट्याला, जात्याला टाकीऽऽऽ" करत फिरायच्या. मी लहानपणी बरोबर असायचो, पोराने टाक्या आणि हातोडीची पिशवी धरायची. ओलीमातीताई, तुमची कल्पना मला मनापासून आवडली, पण एका ठिकाणी दुरुस्ती करा. तो खळगा एकट्या वाटणाऱ्या बाईने केलेला नाही.

पाटा वापरून गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नाही, घसरतं. मग टाकी लावायची, म्हणजे पोलादी टाकीच्या टोकाने सगळीकडे बारीक बारीक घाव घालून पुन्हा खरखरीत करायचा. गुळगुळीत होतो तो मधेच, म्हणून टाकीही मधेच जास्त बसते, कडेला कुणी मारत नाही. प्रत्येक घावाला दगडाची कच उडते. थोडी तेव्हाच उडते, थोडी सैल होऊन राहते आणि वाटताना निघते. म्हणूनच टाकी लावल्यावर पहिलं वाटण टाकून देतात, जाडं मीठ किंवा कोंडा वाटून फेकतात. मग पुन्हा वापरून गुळगुळीत, पुन्हा टाकी. असं वर्षानुवर्षं. म्हणजे तुमच्या आजींनी जेवढा दगड झिजवला त्यात आमच्या बायकांनी उडवलेलाही दगड आहे, मला तर वाटतं तोच जास्त असेल.

अजून एक. टाकीचा घाव बघून माणूस ओळखता येतो. माझी आई डावखुरी होती, तिच्या घावांच्या ओळी उलट्या बाजूला कलायच्या. दुसऱ्या गावात गेल्यावर एखाद्या घरात पाटा बघून ती म्हणायची, इथे मी येऊन गेलेय. टाकीचं टोक बोथट झालं की भट्टीत तापवून, ठोकून टोक काढायचं आणि पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करायचं, पाणी जास्त बसलं तर टोक तुटतं, कमी बसलं तर वाकतं. काळ्या दगडाला तेवढंच लागतं. डोळ्यात कच जायची ती वेगळी. मोबदला बऱ्याचदा धान्यात.

तर ताई, तुम्ही "आजीच्या, पणजीच्या हातांनी केलेलं शिल्प" लिहिलंय, तिथे आमचेही हात आहेत. टाकीवालीचं नाव कुठल्या घरात कुणाला आठवत नाही हे मला माहितेय. तरी विचारून बघा.

टेम्सकाठ
@दगडफूल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. फार मोलाचं लिहिलंत.

जुना_फळा
+१. दगडफूल, ओळी कलण्याचं तुम्ही जे सांगितलंत ते कुठल्याही शिल्पशाळेत शिकवण्यासारखं आहे.

ओली_माती
@दगडफूल दादा, हे मला माहीतच नव्हतं. माझा सगळा विचार आजीपाशी सुरू होऊन आजीपाशीच संपत होता. काल रात्री तुमचं वाचून आजीला फोन लावला. ती म्हणाली, फलटणकडून एक बाई यायची, पाट्यावर हात फिरवून दर आधी सांगायची, दोन पायल्या बाजरी म्हटली की त्यात दाणा कमी चालायचा नाही. नाव आजीला आठवेना, पण शेजारच्या काकूंनी लगेच सांगितलं. म्हणजे आठवतं हो कुणाकुणाला. आता प्रत्येक पाट्यामागे दोन बायका, वाटणारी आणि टाकी लावणारी. माझं अख्खं काम बदलतंय आणि मला फार आनंद होतोय त्याचा.

घनफळ
मी यंत्र अभियंता, मला आकडे लागतात. किती दगड गेला हे मोजता येईल. खळग्याचं घनफळ काढा, समजा ४०० मिली आलं. काळा दगड म्हणजे बेसाल्ट, घनता साधारण २.९ ग्रॅम प्रति घनसेंमी, म्हणजे १.१६ किलो दगड. सव्वा किलोच्या आसपास दगड एका पाट्यातून गेला, त्यातली काही कच अंगणात उडाली आणि काही चटणीतून पोटात गेली. प्रत्येक कास्टखाली हे वजन लिहा, मग कन्सेप्ट नोट लागणार नाही.

एक शंका, पाटा नवा असताना अगदी सपाट असतो का? नसेल तर मूळ पातळी कशी धरणार?

दगडफूल
@घनफळ, नवा पाटाही मधे किंचित खोलगट घडवतात, वाटण बाहेर पडू नये म्हणून. अगदी थोडा. आणि डोक्याकडची बाजू कमी झिजते, तिथली पातळी धरली तर फार चूक होणार नाही.

कळव्याची_काकू
घनफळ मोजायला पाट्यात मोहरी भर, वरून पट्टी फिरवून सपाट कर आणि मग ती मापाच्या भांड्यात ओत. आजी पण खूष, मोहरीला कुणी नाही म्हणणार नाही.

घनफळ
काकू, नमस्कार घ्या. इतकी सोपी पद्धत मला सुचली नसती.

पेणचा_पाहुणा
प्लास्टरवर पण उपाय आहे. पाट्यावर प्लास्टर ओतूच नका. ओली शाडू घ्या, चांगली मळलेली, आणि खळग्यात अंगठ्याने दाबत दाबत भरा. कडेपासून मधे यायचं म्हणजे हवा अडकत नाही. चिकटू नये म्हणून आधी दगडावर शंखजिरं भुरभुरवतात तसं करा. वरून पट्टीने सपाट करा. जरा ओढली, म्हणजे बोट दाबल्यावर ठसा उमटतो पण माती हाताला लागत नाही, इतपत झाली की वर फळी ठेवायची आणि दोघांनी मिळून पाटा फळीसकट उलटा करायचा. माती फळीवर बसते, पाटा वर उचलून घ्यायचा. मग त्या मातीवरून आरामात प्लास्टरचा साचा घ्या. पाटा पाण्याने धुतला की झालं. टाकीचे घावसुद्धा मातीत येतील, काकूंच्या प्लास्टिकने ते बुजले असते.

वेळ मात्र घालवू नका, शाडू सुकली की आटते आणि माप चुकतं.

कळव्याची_काकू
@पेणचा_पाहुणा शंखजिऱ्याऐवजी तांदळाची पिठी चालेल का? म्हणजे आजींना सांगायलाही सोपं.

पेणचा_पाहुणा
चालेल की. अगदी बारीक, वस्त्रगाळ पाहिजे, नाहीतर घावांत बसून राहील.

तिरकस_रेघ
मधेच विचारतो, शिल्पकलेत पुढे करतात काय? म्हणजे पुतळ्यांच्या ऑर्डरी सोडून.

ओली_माती
घरी पण हाच प्रश्न आहे. 🙂 नातेवाईक भेटले की विचारतात, शिवाजी महाराजांचा पुतळा करता येतो का. येईल शिकून, त्यात कमीपणा काही नाही. गेटवेचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा सदाशिव साठ्यांनी केला, १९६१ चा, घोड्याची आयाळ आणि मांड बघायला मी अजूनही मुद्दाम जाते. आणि धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी सरदार पटेलांच्या पुतळ्यात १८२ मीटरपर्यंत मजल मारली. पण मला लहान गोष्टी करायच्या आहेत, हाताने उचलता येतील अशा. पोटापाण्यासाठी मोल्डिंग-कास्टिंग येतं, त्याला सिनेमाच्या सेटपासून गणपतीपर्यंत काम असतं.

जुना_फळा
माध्यमाबद्दल सुचवू का. पांढरं प्लास्टर नको. पांढऱ्यात ते हाडासारखं किंवा साबणासारखं दिसेल आणि माणसं भलतीकडे जातील. दगड गेलाय तर दगडाच्या जवळचं काहीतरी वापर. नानासाहेब करमरकरांनी सासवण्याला सिमेंटमध्ये किती कामं केलीत, बघितली नसलीस तर अलिबागजवळच आहे, मांडव्याच्या बोटीने जा. आवारातली सिमेंटची म्हैस बघ, तिच्या अंगावर हात फिरवावासा वाटतो. आणि रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात १९३८ मध्ये 'संथाळ कुटुंब' केलं ते सिमेंट आणि तिथल्याच तांबड्या खड्यांचं, कारण ब्राँझ परवडत नव्हतं आणि ते खडे पायाखालीच होते. कामाचा पोतच त्यातून आला. तू सिमेंटमध्ये काळ्या दगडाची कच घाल. खडीच्या क्रशरवर मागितलीस तर फुकट देतील.

कच चाळताना मास्क लाव. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही.

दगडफूल
मास्कचं सरांनी बरोबर सांगितलं. कच काळीच घ्या, लालसर मुरूम मिसळलेली देतात काही जण.

स्लो_लोकल
माझी एक विनंती. हात लावू द्या. "कृपया स्पर्श करू नये" ही पाटी या कामाशेजारी असेल तर सगळंच फुकट. पाटा डोळ्यांनी कळत नाही, तळहाताने कळतो. दगडफूल यांच्या आईच्या उलट्या कलणाऱ्या ओळी मला बोटांनी शोधायच्या आहेत.

तिरकस_रेघ
हात लावू द्यायला माझा पूर्ण पाठिंबा. नोटेला अजूनही विरोध. वजनं, नावं, सगळं लिहीत बसलात तर ते वस्तुसंग्रहालय होईल, शिल्प राहणार नाही. बघणाऱ्याला थोडं अडखळू द्या की.

टेम्सकाठ
@तिरकस_रेघ, अडखळण्याशी मी सहमत आहे, पण इथे नावं नसली तर नेमकं कोण गळेल? आजीचं नाव नातीमुळे राहीलच. टाकीवालीचं राहणार नाही. म्हणून मी नावांच्या बाजूने.

तिरकस_रेघ
हा मुद्दा मान्य. नावं ठेवा. वजनाला विरोध कायम.

घनफळ
वजनाशिवाय मजा नाही, पण मी अल्पमतात दिसतोय.

ओली_माती
सगळ्यांचं वाचून, सरांशी (कॉलेजातल्या) बोलून जे ठरवलंय ते लिहिते.

कास्ट सिमेंट आणि काळ्या कचेचे. मातीने साचा घेण्याची पद्धत आजीच्या पाट्यावर करून बघितली, तांदळाची पिठी वापरली, आजी शेजारी बसून होती आणि शेवटी तीच माती दाबायला लागली, तिचा अंगठा माझ्यापेक्षा बरा चालतो. पाटा उलटा करायला वडील आणि चुलते. माती उचलल्यावर घाव इतके स्वच्छ आलेत की ओळी मोजता येतायत, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या.

मांडणी कमरेच्या उंचीवर नाही, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर. बघणाऱ्याला उकिडवं बसावं लागेल किंवा वाकावं लागेल. हात लावायला पूर्ण मोकळीक. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी एक कास्ट टेबलावर.

लिहिणार काय, तर प्रत्येक फळीवर मराठीत तीनच गोष्टी. वाटणारीचं नाव, टाकी लावणारीचं नाव आणि त्या पाट्यावर काय वाटलं जायचं ते. जिथे टाकीवालीचं नाव मिळणार नाही तिथे तेवढी जागा कोरीच सोडेन. कल्पना, उद्देश, प्रेरणा वगैरे शेजारी काही नाही. ज्युरींना द्यायच्या नोटेत काम कसं केलं तेवढं लिहीन, माती मळण्यापासून. वजनं घनफळकाका म्हणतात तशी काढणार आहे, पण ती वहीत ठेवीन आणि विचारेल त्याला सांगेन. म्हात्र्यांसारखं नाव मात्र अजून सापडलेलं नाही, त्यावर जुना_फळा सरांनी दिलेले आठ दिवस घेतेय.

दगडफूलदादा, तुमच्या आईने टाकी लावलेला एखादा पाटा अजून कुठे असेल का? असेल तर तो मला हवाय.

दगडफूल
विचारतो. बारामतीकडे एक-दोन घरं आहेत जिथे अजून वापरात असेल. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आई आता नाही, पण आत्या आहे, तिला घेऊन प्रदर्शनाला येईन.

जुना_फळा
आत्याबाई येणार असतील त्या दिवशी मलाही कळवा.

स्लो_लोकल
तारीख आणि जागा धाग्यावर टाका, आम्ही बरेच जण येऊ.

कळव्याची_काकू
माझ्या सासरचा पाटा गुहागरला आहे, तोही घे. त्यावर ओलं खोबरं आणि मिरच्या, कोकणातलं वाटण, खळगा लांबट आहे तुमच्याकडच्यापेक्षा. टाकीवाली घाटावरून यायची, नाव सासूबाईंना विचारून सांगते. एका कोपऱ्याला तडा आहे, उलटा करताना जपून.